चूक दाखवावी, चूक जपू नये

परमार्थाची परीक्षा देवळात होत नाही, बाजारात होते. देवळात आपण हात जोडून उभे असतो, समोर मूर्ती असते, शेजारी चार माणसे पाहात असतात. तेथे कोण कशाला खोटे वागेल? खरी परीक्षा पुढे पेठेत आहे. तेथे काटा हलतो, पैसा या हातातून त्या हातात जातो आणि पाहणारे कोणी नसते. गळ्यातील माळेची लाज कोण राखतो ते तेथे कळते. म्हणूनच आमच्या संप्रदायाने प्रपंच टाकून रानात जा असे सांगितले नाही. गोरोबाकाकांचे चाक फिरत राहिले, सावता महाराजांचा मळा पिकत राहिला, नरहरी सोनारांची भट्टी पेटलेली राहिली, आणि तुकोबारायांच्या घरी तर वाणसौद्याचे दुकान होते, महाजनकी होती. तराजू आणि टाळ एकाच घरात नांदले. तेव्हा दुकानातल्या भावाची गोष्ट हरिकथेत कशाला, असे कोणी म्हणू नये.

ही गोष्ट काढण्याला निमित्त एका पत्राचे झाले. आमच्या परिचयाच्या एका दिंडीतील वृद्ध वारकऱ्यांनी शंका विचारली आहे. त्यांचा नातू शिक्षणासाठी कॅनडात असतो. तिकडच्या मोठ्या दुकानांत मांडणीवर लिहिलेला भाव एक आणि पावतीवर उमटणारा भाव दुसरा, असे कधी कधी घडते. आणि भाव जास्त लावला गेला तर ती वस्तू गिऱ्हाइकाला फुकट देण्याचा तेथे नियम आहे. नातू आणि त्याचे सोबती अशा चुका हुडकीत दुकानोदुकानी हिंडतात. महिन्याच्या किराण्याचा बराच खर्च त्यात वाचतो, आणि वाचलेल्या पैशातून तो पोरगा दर आषाढीला दिंडीच्या पंगतीसाठी रक्कम पाठवितो. आजोबा विचारतात, "महाराज, नियमाने मिळालेले आहे, चोरी केलेली नाही. पण मन खाते. हे अन्न पंगतीत वाढावे की नाही?"

प्रश्न एका घरचा दिसतो, पण एका घरचा राहिलेला नाही. आज आपली मुलेबाळे टोरांटोला आहेत, लंडनला आहेत, अमेरिकेच्या गावोगावी आहेत. ती तिकडे ज्या दुकानात जातात तेथेच त्यांचा धर्म जागतो किंवा झोपतो. म्हणून नीट विचार करू.

आधी तिकडची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. काटा न पाहता सांगितलेले वजन काय कामाचे? त्या सुपरमार्केटात दुकानदाराशी बोलणेच नसते. फळ्यांवर माल मांडलेला, फळीच्या कडेला भावाची चिठ्ठी. गिऱ्हाइकाने आपल्या हाताने उचलावे, ढकलगाडीत टाकावे आणि गल्ल्यापाशी न्यावे. प्रत्येक डब्यावर काळ्या रेघांची पट्टी असते, तिला बारकोड म्हणतात. यंत्राने ती पट्टी वाचली की संगणकात नोंदलेला भाव पावतीवर उमटतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय नावाच्या गावी २६ जून १९७४ रोजी च्युइंग गमचे एक पाकीट अशा रीतीने प्रथम विकले गेले. पुढे हळूहळू प्रत्येक डब्यावर किंमत चिकटविण्याचे काम मागे पडले.

सोय झाली खरी, पण सोयीबरोबर एक फट राहून गेली. भाव आता दोन ठिकाणी राहू लागला, एक फळीवर आणि एक संगणकात. सवलतीचा आठवडा संपला, संगणकातला भाव चढला, पण फळीवरची चिठ्ठी काढायला नोकर विसरला. किंवा सवलतीची चिठ्ठी लागली, पण संगणकात नोंद व्हायची राहिली. जिनसा हजारो, भाव वरचेवर बदलणारे, आणि बदलणारी अखेर माणसेच. चूक व्हायचीच. मग चिठ्ठी म्हणते चार डॉलर आणि पावती म्हणते पाच.

आता हा मधला एक डॉलर कोणाचा? उघडच गिऱ्हाइकाचा. परंतु तिकडच्या लोकांनी नुसता एक डॉलर परत देऊन भागविले नाही. कॅनडात २००२ साली किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनांनी एक संहिता केली. ती कायदा नव्हे, व्यापाऱ्यांनी आपण होऊन घालून घेतलेले बंधन आहे. ज्या दुकानांनी ते पत्करले त्यांनाच ते लागते. फळीवरच्या भावाहून यंत्राने जास्त भाव लावला आणि वस्तू १० डॉलरपर्यंतची असली तर ती फुकट द्यावी, त्याहून महाग असली तर खऱ्या भावातून १० डॉलर उणे करावे, असा तो नियम. मात्र एकाच वस्तूचे दहा नग घेतले असतील तर पहिला तेवढा फुकट, बाकीचे नऊ खऱ्या भावाने. क्वेबेक प्रांतात प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटविण्यातून ज्या दुकानांना सूट हवी त्यांना असा नियम पाळण्याची सरकारनेच सक्ती केली आहे, आणि तेथील मर्यादा मे २०२५ पासून १० वरून १५ डॉलर झाली आहे.

अमेरिकेतील मिशिगन राज्याने २०११ साली कायदाच केला. पावतीवर भाव जास्त लागला असेल तर गिऱ्हाइकाने ३० दिवसांत दुकानाला कळवावे. दुकानाने दोन दिवसांत जादा घेतलेली रक्कम परत द्यावी आणि वर त्या फरकाच्या दहापट बक्षीस द्यावे. बक्षीस निदान १ डॉलर आणि फार तर ५ डॉलर. तेथेही एकाच वस्तूचे अनेक नग असतील तर फरक प्रत्येकाचा, पण बक्षीस एकदाच.

सज्जनहो, व्यापारी माणूस दमडीला जपणारा. तो एक डॉलरच्या चुकीला पाच-दहा डॉलर का मोजतो? यातले मर्म ध्यानात घ्या. एक डॉलर जास्त गेला म्हणून रांगेत परत उभे राहून तक्रार करायला कोणाला सवड असते? नोकरीवरून दमून आलेली बाई, काठी टेकीत आलेला म्हातारा, कडेवर लेकरू घेतलेली आई, ही माणसे पावती घडी करून पिशवीत टाकतात आणि घरी जातात. एकेकाचा डॉलर लहान, पण अशा हजारांचे डॉलर दुकानात साचतात, आणि चुकलेली चिठ्ठी तशीच लोंबकळत राहते. कोणीतरी बोलावे, चूक उघडी व्हावी आणि पुढच्या माणसाची फसगत टळावी, एवढ्यासाठी हे बक्षीस आहे. ते राखणदाराचे वेतन आहे. बक्षीस एकाच नगावर देण्याची खूणही तेच सांगते. राखणीला मोल आहे, लुटीला नाही.

एवढे समजले की पुढचा विचार सोपा होतो. या प्रसंगात चार प्रकारची गिऱ्हाइके दिसतात.

पहिला साधा माणूस. घरी येऊन पावती वाचतो, भाव जास्त लागलेला दिसतो, परत जातो आणि हक्काने मागतो. याच्या वागण्यात दोष नाही, उलट ते कर्तव्य आहे. आमचे काही भाविक समजतात की देवभक्ताने नुकसान सोसावे आणि गप्प बसावे. हे बरे नव्हे. आपल्या गप्प बसण्याने पुढचा फसतो. मनुस्मृतीत व्यवहाराची अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत खरेदी-विक्रीचा पस्तावा हे एक स्वतंत्र पद आहे. घेतलेली किंवा विकलेली वस्तू दहा दिवसांच्या आत परत करण्याची मुभा तेथे आहे. तराजू व मापे दर सहा महिन्यांनी तपासावीत अशी राजाला आज्ञाही आहे. तेव्हा हिशेब मागणे, माल परत करणे, माप तपासणे हे आमच्या शास्त्रकारांनी कधी हलके मानले नाही.

दुसरा चाणाक्ष. फळीपाशीच त्याला संशय येतो की ही सवलत काल संपली असावी. तो एक डबा उचलतो, गल्ल्यापाशी जातो, भाव जास्त लागला की नियमाचे बक्षीस मागतो आणि लगेच सांगतो, "बाई, तिसऱ्या ओळीतली चिठ्ठी बदलून घ्या." यालाही आम्ही दोष देणार नाही. त्याने राखणदाराचे काम केले आणि राखणदाराचे वेतन घेतले.

तिसरा मात्र निराळा. त्यालाही चूक सापडते, पण तो ती सांगत नाही. आज एक डबा फुकट नेतो, उद्या बायकोला पाठवितो, परवा सोबत्याला, तेरवा पुन्हा आपण जातो. एकेक जण वेगळा, एकेक पावती वेगळी, म्हणजे प्रत्येक वेळी 'पहिला नग' फुकट. चिठ्ठी बदलली जाऊ नये म्हणून तो एका वेळी दोन चुकाही काढीत नाही. गल्ल्यावरची मुलगी कौतुकाने म्हणते, "अरे, आमचीच चूक!" आणि हा आश्चर्याचा आव आणतो. इंग्लंडात टेस्को या दुकानसाखळीने काही काळ फरकाच्या दुप्पट रक्कम परत देण्याचा नियम ठेवला होता. तेव्हा चुकलेल्या चिठ्ठ्या हेरीत फिरणारी गिऱ्हाइके तेथेही निपजली. पैशाच्या वासाने माणूस सगळीकडे सारखाच हलतो.

चौथा तर सरळ चोर. तो चिठ्ठी स्वतःच बदलतो, किंवा फळीवर नसलेला भाव होता म्हणून सांगतो. याच्याविषयी शंकाच नको. इंग्लंडात हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८३ साली निकाल दिला की स्वस्त मालाची चिठ्ठी महाग मालाला लावून कमी पैसे भरणे ही चोरीच. खोटे सांगून लाभ उठविणे हा तेथे २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता पेच तिसऱ्याचा आहे. पहिल्या दोघांना कायदाही सोडतो आणि धर्मही सोडतो. चौथ्याला दोघेही धरतात. तिसऱ्याला बहुधा कायदा धरीत नाही. गल्ल्यावर कोणी विचारीत नाही की बाबा, तुला हे आधीच ठाऊक होते काय?

कायदा अशा ठिकाणी कसा अडखळतो याचे एक उदाहरण सांगतो. १९८१ साली इंग्लंडात एका स्त्रीचा खटला वरिष्ठ न्यायालयात आला. दुकानात जोड्यांची मांडणी होती. एका जोडीतील एका पायावर ६ पौंड ९९ पेन्सची चिठ्ठी आणि दुसऱ्या पायावर ४ पौंड ९९ पेन्सची. खरा भाव जास्तीचाच आहे हे तिला उमगले होते. तिने काही लपविले नाही, चिठ्ठी बदलली नाही, जोडी होती तशी गल्ल्यावर ठेवली आणि कमी भावाची चिठ्ठी दिसेल अशी आशा धरली. गल्लेवालीने कमी भाव लावला. बाहेर पडताच बाईला धरले. खालच्या न्यायालयाने चोरी ठरविली. वरच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, कारण विकणाऱ्याच्या माणसाने भाव लावला, पैसे घेतले आणि माल दिला, तेव्हा मालकी तिच्याकडे गेली. पुढे दोनच वर्षांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये या निकालाविषयीच शंका व्यक्त झाली. पाहा, मोठमोठे न्यायाधीश, आणि एका जोड्याच्या जोडीवरून त्यांचे एकमत होईना.

यात न्यायाधीशांचा दोष नाही. कायद्याचे काम हाताशी आहे. हाताने काय केले, तोंडाने काय सांगितले, एवढेच तो पाहू शकतो. आणि ते योग्यच आहे. मनातल्या इच्छेवर शिक्षा देणारे राज्य कोणालाही नको. मनाचा निवाडा करणारा दुसरा बसला आहे, आणि तो विटेवर उभा राहून सगळे पाहतो. पतंजलींनी पाच यम सांगितले, त्यांत तिसरा अस्तेय. भाष्यकार व्यास तेथे थांबत नाहीत. परक्याच्या धनाची स्पृहाही नसणे याला ते अस्तेय म्हणतात. हात गप्प आणि मन धावते आहे, तर व्रत अर्धेच झाले.

मग तिसऱ्याच्या मनात काय असते ते पाहू. दुसऱ्याने चूक करावी अशी त्याची इच्छा असते. फळीवरचा पोरगा विसरावा, संगणकात नोंद राहून जावी, उद्याही तशीच राहावी. सकाळी उठून तो दुकानात जातो तो हीच प्रार्थना करीत जातो. अहो, ज्या मुखाने विठ्ठल म्हणायचे त्याच मनाने दुसऱ्याचे विसरणे इच्छायचे! आणि त्याच वेळी त्या चुकलेल्या चिठ्ठीने कितीजण फसत असतात? पावती न वाचणारी ती दमलेली बाई जास्त पैसे देऊन जातेच आहे. त्याने एक शब्द बोलला असता तर ते थांबले असते. तो बोलला नाही, कारण तिचे फसणे थांबले तर त्याचे मिळणेही थांबते. दुकानाने चूक केली होती. त्या चुकीत आता तो भागीदार झाला. आमच्या मते सगळ्या विषयाचे बीज येथे आहे. चूक दाखविणारा आणि चूक जपणारा, दोघांच्याही हातात एकच डबा असतो, पण दोघांत पुण्य-पापाएवढे अंतर आहे.

यावर कोणी शंका घेतील.

पहिली शंका अशी: "महाराज, दुकान कोट्यधीशाचे. त्याला चार डॉलरचे काय?" समाधान असे की धन कोणाचे यावर लोभाचा रंग बदलत नाही. शिवाय नुकसान कोट्यधीशापर्यंत पोचतेच असे नाही. ते वाटेत कोणाला तरी चावते. चिठ्ठ्या बदलण्याचे काम कोवळ्या पोरांकडे असते, आणि वरिष्ठांचे बोलणे आधी त्यांना बसते. त्यांत आपल्यासारखीच दूर देशाहून शिकायला आलेली पोरेही असतात. आज नातू फळीपुढे आहे, उद्या तोच पोटासाठी फळीमागे उभा राहील.

तुकोबारायांची कथा आपण सगळे जाणतो. दुष्काळानंतर त्यांनी लोकांच्या कर्जाची खते इंद्रायणीत सोडली. पण महाराजांनी सगळी खते सोडली नाहीत. परंपरेने सांगतात की धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी खते त्यांनी आधी वेगळी काढून दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडविली. एवढे वैराग्य, आणि तरी दुसऱ्याच्या कागदाला हात नाही! आपले सोडायला आपण मोकळे आहो. दुसऱ्याचे सोडायला नाही, आणि 'त्याला काय कमी आहे' म्हणून घ्यायला तर मुळीच नाही.

दुसरी शंका: "ही दुकाने आम्हांला एरवी कमी का लुबाडतात? आम्ही थोडे परत घेतले." समाधान: लुबाडले असेल तर पावती घेऊन जा, अधिकाऱ्याकडे जा, न्यायालयात जा. मिशिगनच्या कायद्यात दुकानाने दाद दिली नाही तर गिऱ्हाइकाला दावा लावण्याचा हक्क आहे, प्रत्यक्ष नुकसान लहान असले तरी २५० डॉलरपर्यंत वसुली आणि वकिलाचा काही खर्चही मिळू शकतो. हे सगळे उजेडातले मार्ग आहेत. उजेडात मागितलेला डॉलर न्यायाचा आणि अंधारात उचललेला डॉलर सुडाचा. सूड घेणारा प्रथम आपला काटा वाकवितो.

तिसरी शंका बारीक आहे: "नियम त्यांनीच केला. नियमात बसते ते घेण्यात पाप कसले?" याचे समाधान नियमाच्या हेतूत आहे, आणि तो आपण वर पाहिला. शेताच्या राखणदाराला धनी म्हणाला, "जितकी गुरे हाकलशील तितके शेर धान्य देईन." राखणदाराने रात्री कुंपणाला भोक ठेवले, सकाळी गुरे हाकलली आणि धान्य मोजून घेतले. शब्दात सगळे बसले. पण त्याला राखणदार कोण म्हणेल?

श्रोतेहो, चूक सापडली म्हणजे आनंद होतो, हे खरे. पण आनंदाच्याही जाती आहेत. एकनाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबाचे काम पाहात. एके रात्री हिशेबात एका पैचा मेळ बसेना. महाराज दिवा लावून बसले, प्रहरामागून प्रहर गेले, आणि पहाटेच्या सुमाराला ती पै सापडली. आनंदाने त्यांनी टाळी वाजविली. स्वामी मागे उभे होते. ते म्हणाले, हेच चित्त देवाकडे लाव. कथेतला उपदेश आपण नेहमी सांगतो. आज त्या टाळीकडे पाहू. पै सापडल्याने नाथांना काय मिळाले? काहीच नाही. हिशेब स्वच्छ झाला, एवढाच आनंद. चूक संपली म्हणून टाळी वाजली. आणि फळीपुढच्या त्या माणसाच्या मनातली टाळी? ती चूक शिल्लक आहे म्हणून वाजते. पावती हातात घेताना आपली टाळी कोणत्या जातीची, हे ज्याने त्याने ओळखावे.

या काट्याचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे एकांगी होईल. यंत्र कधी कमी भावही लावते, गल्लेवाली कधी सुटे जास्त देते. तेव्हा पावती वाचणारे हे चाणाक्ष डोळे एकाएकी मंद का होतात? आपल्या देशात १८७२ च्या करार कायद्याचे ७२ वे कलम स्पष्ट सांगते की चुकीने मिळालेला पैसा मिळालेल्याने परत केला पाहिजे. इंग्लंडच्या १९६८ च्या चोरीविषयक कायद्यातही असे कलम आहे की दुसऱ्याच्या चुकीने हाती आलेले, परत देण्याला बांधलेले धन मुद्दाम ठेवून घेणे चोरीत मोडू शकते. जास्त घेतले तर ओरडायचे आणि कमी घेतले तर 'देवाची कृपा' म्हणायचे, असा दुटप्पी काटा माळकऱ्याच्या घरी नको. देवाला असल्या कृपेत ओढू नका.

आपल्याकडे तिकडच्यासारखे बक्षीस नाही. पण बांधीव मालावर छापलेल्या किमतीहून जास्त घेणे हा २००९ च्या वैध मापन कायद्याखाली दंडाचा अपराध आहे, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार सांगता येते. वारीच्या वाटेवर पाण्याच्या बाटलीला छापील भावाहून दोन रुपये जास्त कोणी मागितले तर गोड शब्दांत कायदा सांगावा. तेथे बोललेला एक शब्द मागून येणाऱ्या सगळ्या दिंडीला उपयोगी पडतो.

आता त्या आजोबांच्या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. आमचे मत असे. प्रथम नातवाला रागावू नका. परमुलखात, महागाईत, पोटाला चिमटा घेणारे पोर आहे. आणि त्याच्या मनात पंगत आहे म्हणून तर हा प्रश्न उभा राहिला. ज्याच्या मनात पंगत नाही त्याचे आजोबा असला प्रश्न विचारीत नाहीत. त्याला एवढेच विचारा, "बाळ, चूक सापडली तेव्हा तू ती चिठ्ठी बदलायला सांगितलीस का?" सांगितली असेल तर ते राखणीचे वेतन आहे, आनंदाने पंगतीला घ्या. सांगितली नसेल, चूक जपून वरचेवर घेतले असेल, तर त्यातून वाचलेली रक्कम पंगतीला घेऊ नका. पंगतीत कोण जेवते? ज्याने वर्षभर राबून भिशीचे पैसे साठविले तो शेतकरी जेवतो, जिने मजुरीतले चार रुपये बाजूला काढले ती माउली जेवते. त्यांच्या भाकरीशेजारी ही रक्कम बसत नाही. आणि अन्नदान केले म्हणजे मिळविण्यातला दोष धुऊन निघतो, हा समज तर मुळीच धरू नका. देणे शुद्ध व्हायचे तर मिळविणे आधी शुद्ध व्हावे लागते.

मग नातवाने काय करावे? ज्या चिठ्ठ्या अजून चुकलेल्या ठाऊक असतील त्या दुकानाच्या व्यवस्थापकाला जाऊन दाखवाव्या. जपून नेलेल्या जिनसांपैकी ज्यांचे स्मरण असेल त्यांचा खरा भाव भरण्याची तयारी सांगावी. त्यांनी घेतले तर उत्तम, नाही घेतले तरी सांगितले हे उत्तम. थोडी लाज वाटेल. वाटू द्या. आणि पुढच्या आषाढीला आपल्या कष्टाच्या कमाईतून एक डॉलर पाठवावा. दिंडीचे चालक त्या एका डॉलरची पावती मोठ्या मानाने फाडतील.

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधाराचे आख्यान आहे. जाजली नावाचा तपस्वी असा निश्चल उभा राहिला की त्याच्या जटेत पाखरांनी घरटे केले, अंडी घातली, पिले झाली, उडून गेली, तरी तो हलला नाही. मग त्याला वाटले, मी धर्म मिळविला. तेव्हा अदृश्य वाणी झाली की अरे, वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला नाही. जाजली रागारागाने काशीला गेला. पाहतो तो काय, एक वाणी दुकानात बसून माल विकतो आहे! त्या वाण्याने तपस्व्याला धर्म सांगितला. त्याचे सांगणे थोडक्यात असे की माझा तराजू सर्व प्राण्यांना सारखा आहे. मी कपटाने विकीत नाही आणि कोणाचा द्रोह करीत नाही. बस, एवढेच त्याचे तप.

त्या काळी तराजू एकट्या वाण्याच्या हातात होता. आज तो गिऱ्हाइकाच्याही हातात आला आहे. एका पारड्यात फळीवरची चिठ्ठी, दुसऱ्यात पावती, आणि मध्ये आपले मन हा काटा. म्हणून तुलाधाराचा धर्म आता विकणाऱ्यापुरता राहिला नाही, तो घेणाऱ्यालाही लागू झाला. पावती वाचावी. जास्त गेले असेल तर संकोच न करता मागावे. नियमाने मिळते ते उघडपणे घ्यावे आणि दुकान सोडण्यापूर्वी चूक दुरुस्त करायला सांगावे. कमी गेले असेल तर आपण होऊन भरावे. आणि आपल्याला कळलेली चूक उद्यासाठी राखून ठेवण्याची इच्छा मनात उठली, तर तेथल्या तेथे नाम घ्यावे आणि गल्ल्यापाशी जाऊन मोकळेपणी सांगावे. परदेशी असलेल्या मुलानातवांना पत्र घालाल, फोन कराल, तेव्हा पीकपाण्याबरोबर ही एवढी गोष्टही त्यांच्या कानावर घाला.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!